भैयाजींचा तरंगता कूलर

माझ्या ताईला बोट नको होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता जो तो मलाच म्हणतो, तुमच्या बहिणीची हौस भारी हो मधुकरराव, भर तलावात बंगला बांधला. कसली हौस अन् कसला बंगला! तिला एक रविवार पाहिजे होता. साधा, रिकामा, ज्यात दाराची कडी वाजत नाही असा. एवढं द्यायला आमच्या भाऊजींना अख्खा तलाव लागला.

भाऊजी म्हणजे भैयाजी वैरागडे. नागपुरात सक्करदऱ्याकडे जाऊन कोणालाही 'भैयाजी कूलरवाले कुठं राहतात' विचारा. तो माणूस तुम्हाला घरापर्यंत सोडून देईल आणि स्वतः जेवूनच परत जाईल. पोरवयात हा माणूस सायकलवर पान्हे लटकवून दारोदार कूलरचे पंप दुरुस्त करत फिरायचा. भर मे महिन्यात कोणी गार पाण्याचा गडवा पुढे केला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हाच त्यानं ठरवलं म्हणे, आपलं घर झालं की दारावरून कोणी उपाशी जाणार नाही. घर झालं, पुढं वर्कशॉप झालं, आणि ताई त्या घरात लग्न होऊन गेली. शब्द भाऊजींनी दिला होता, पोळ्या ताईनं लाटल्या.

आग्रह करावा तर भाऊजींनीच. हातात डाव घेऊन ते पंगतीत उतरले की पाहुण्याची खैर नाही. 'एवढा घास माह्या नावाचा' म्हणायचे आणि उत्तर यायच्या आत भाजी ताटात पडलेली असायची. त्यांचं एक शास्त्रही होतं. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहू नये, बोटांकडे पाहावं. बोटं मिटलेली असली तर पोट खरंच भरलं. बोटांत फट असली तर नुसता संकोच आहे, बिनधास्त वाढा. मी अख्खी नोकरी नागपूर-उमरेड गाडीवर कंडक्टर होतो, माणसं ओळखण्यात माझाही हात कोणी धरत नाही, पण हे शास्त्र शंभर टक्के खरं निघायचं. ताई मात्र सगळ्यांचं आटोपल्यावर ओट्याशी उभ्यानं जेवायची, कढईतच भाकर पुसून. तिचा हात कधी ताटावर आडवा गेला नाही. वाढायला समोर कोणी नसेल तर माणूस हात आडवा कोणाला धरेल?

मागच्या दिवाळीनंतर तिचे गुडघे बोलायला लागले. एका रविवारी सकाळपासून पोह्यांचे घाणे काढून काढून ती खाली बसली ती उठेचना. भाऊजी घाबरून जवळ गेले. दवाखान्यात नेऊ का, म्हणाले. ताईनं मान हलवली.

"मले दवाखाना नको," ती म्हणाली. "मले एक रविवार पायजे. कोणी येणार नाही असा."

भाऊजी वाईट माणूस नाही हो. मन लोण्याचं आहे, म्हणून तर सगळा घोळ आहे. पुढचे आठ दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. दाराला कुलूप लावावं तर लोक खिडकीतून हाक मारतील. गावाला जावं तर गावचे लोक आहेतच. 'आज नको' म्हणावं, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं मी त्यांना आईच्या फोटोवर थुंकायला सांगितलं. 'नाही' हा शब्द त्या माणसाच्या तोंडातून निघत नाही. मागच्या सीझनचा कूलर बदलून द्या म्हणत कोणी आला तर त्यालाही आधी 'हो' आणि मग चहा.

मग त्यांना सुचलं, की जिथं दारापर्यंत रस्ताच नाही तिथं कोण येणार? आणि उमरेड रोडवरचा एक तलाव त्यांच्या डोक्यात शिरला. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्हीही रविवारी याल.

तलाव तिथल्या मच्छीमार सोसायटीकडे आहे. सोसायटीचा अध्यक्ष धोंडबा, त्याची बायको मनकर्णा पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, झोपडीत चहा-भज्यांची टपरी चालवते. धोंडबानं सोसायटीत विचारून परवानगी दिली, मात्र इंजिन लावायचं नाही, माशांना त्रास होतो, अशी अट घातली. भाऊजींनी अट मान्य केली आणि मनकर्णेच्या टपरीला एक कूलर भेट दिला. तो माणूस दुसरं काय देणार?

बोट वर्कशॉपमध्येच तयार झाली. आता जन्मभर ज्यानं कूलर केले तो बोट कशी करेल? खाली बुटीबोरीहून आणलेले निळे ड्रम, त्यावर लोखंडी अँगल, अँगलवर लाकडी पाटे, आणि चारी बाजूंनी पत्रा. पत्र्याला खिडक्या पाडायच्या सोडून भाऊजींनी सवयीनं कूलरसारख्या पट्ट्या कापल्या आणि दोन बाजूंना वाळ्याच्या ताट्या बसवल्या. आत एक खाट, एक शेगडी, दोन खुर्च्या. भाच्यानं, म्हणजे अंकितनं, कामगाराला सांगितलं, फिनिशिंग करून पाठव. कामगारानं नेहमीसारखं स्टिकर चिकटवलं, 'वैरागडे कूलर्स, गॅरंटी एक सीझन.' ट्रॅक्टरवरून तो डबा तलावात उतरवला तेव्हा पाळीवर जमलेले लोक म्हणाले, एवढ्या मोठ्या कूलरमध्ये पाणी भरायचं सोडून यानं कूलरच पाण्यात टाकला. त्या दिवसापासून गावात त्याचं नाव 'कूलर'च पडलं.

कूलर पाण्याच्या मधोमध नांगरला. जायला-यायला धोंडबाचा जुना डोंगा. डोंग्याला दोन्हीकडून दोर, एक पाळीवरच्या बाभळीला आणि दुसरा बोटीच्या कठड्याला. बोटीवरून ओढला तर डोंगा बोटीकडे, पाळीवरून ओढला तर पाळीकडे. वल्ही नकोत, नावाडी नको. भाऊजी खूश. मी तेव्हाच म्हणालो, हा दोर कोणीही ओढू शकतो. पण कंडक्टरचं कोण ऐकतो, प्रवासी सगळे शहाणे.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग भाऊजींनी ते केलं जे आमच्याच घरात होऊ शकतं. नवीन जागा, तिथं पहिली चूल पेटणार, पूजा नाही केली तर कसं? आणि पूजा म्हटलं की चार माणसं सांगायलाच पाहिजे. लोकांपासून लपायची जागा दाखवायला त्या माणसानं अख्ख्या मोहल्ल्याला आमंत्रण दिलं.

सत्यनारायणाला लोक सकाळपासूनच यायला लागले. डोंग्यात एका खेपेला चार माणसं, त्यामुळे मी गळ्यात पिशवी नसतानाही 'पुढे सरका, मागे सरका' करत दोर ओढत होतो. भटजींनी कथा सुरू केली, चौथ्या अध्यायात साधुवाण्याची नाव बुडते तिथं आले आणि थांबले. त्यांचं सोवळं खालून ओलं झालं होतं. सगळा मोहल्ला दर्शनाला एका बाजूला सरकला होता आणि बोट तिकडे झुकली होती. शिऱ्याची परात घसरत गेली ती सरळ पाण्यात. धोंडबा नंतर सांगत होता की त्या आठवड्यात मासे जाळ्याकडे फिरकलेच नाहीत, पोट भरलेलं होतं म्हणे. भटजींनी उरलेली कथा पाळीवर बसून फोनवरून सांगितली. जाताना प्रत्येक माणूस भाऊजींचा हात हातात घेऊन म्हणाला, काय जागा काढली भैयाजी, येतो आता रविवारी. भाऊजी प्रत्येकाला म्हणाले, या ना गा, आपलंच आहे. ताई मागे उभी राहून ऐकत होती. माझ्याकडे पाहून तिनं डोळे मिटले.

आणि लोक आले. कोण पुतण्याला पोहणं शिकवायला आला, कोण सासूला हवा बदलायला घेऊन आला. शेजारचा बंटी तर ढोलक घेऊन आला. घरी पाहुणा चहा घेऊन निघून तरी जातो. इथं डोंग्यात चौघांचीच जागा, तेव्हा बाकीचे नंबर लागेपर्यंत बसून राहायचे. बसले की भूक लागते, पाण्यावर तर जास्तच लागते. ताई त्या पत्र्याच्या डब्यात एका शेगडीवर पोहे करायची, त्यावर घालायची तर्री करायची, मग पुन्हा चहा. वाळ्याची सगळी गार हवा पाहुण्यांना आणि शेगडीची सगळी धग तिला. शनिवारी संध्याकाळी जाताना ती गुडघ्याला पट्टा बांधायची आणि रविवारी येताना लंगडत यायची. माझं डोकं फिरलं होतं. एकदा मी पाहुण्यांना सरळ सांगितलं की गाडी फुल आहे, मागची पकडा. तर भाऊजींनीच मला बाजूला सारून दोर ओढला.

होळी झाली आणि उन्हं तापली. एका सोमवारी ताईनं भाऊजींना अन् मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"येत्या रविवारी मी शेवटची येऊन राहिली," ती भाऊजींना म्हणाली. "त्या दिवशी मी चूल पेटवणार नाही. अन् एक जरी पाहुणा बोटीवर चढला ना, तर मी त्याच डोंग्यानं परत जाईन. मंग तुमची बोट तुमच्यापाशी अन् तुमचे रविवार तुमच्यापाशी. मी मधूकडे उमरेडले राहीन."

 बाहेर पडल्यावर भाऊजींनी मला विचारलं, "मधुकर, ती खरंच जाईन का गा?" मी म्हटलं, जाईल, आणि मी तिला तिकीटही काढू देणार नाही.

तो रविवार उजाडला. सकाळी आम्ही तिघंच बोटीवर. भाऊजींनी आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं होतं की आपण गावाला चाललो, आणि कोणत्या गावाला ते विचारायच्या आत पळ काढला होता. डोंगा बोटीला टेकलेला. भाऊजी वाळ्यावर पाणी मारत होते. दुपारी नागपूर तव्यासारखं तापलं असेल, पण तलावावरून वारं वाळ्यातून आत यायचं तेव्हा अंगावर काटा यायचा. ताई खाटेवर टेकली. आधी म्हणाली, नुसती पाठ टेकते. मग बोलता बोलता तिचं वाक्य अर्धंच राहिलं. तोंड किंचित उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला, आणि ती चक्क घोरत होती. माझ्या बहिणीला दुपारी झोपलेलं मी लहानपणानंतर पहिल्यांदा पाहत होतो. मला फार बरं वाटलं. भाऊजी पाण्याचा मग हातात धरून तिच्याकडे पाहत उभे होते.

आणि डोंगा हलला.

कोणी बसलं नव्हतं, वारंही तेवढं नव्हतं, आणि डोंगा आपला बोटीपासून सुटून पाळीकडे निघाला. मी वर पाहिलं. पाळीवर पांढरी मोठी गाडी उभी, आणि बाभळीखाली पांढऱ्या सफारीतला एक धिप्पाड माणूस बाह्या सरसावून दोर ओढतो आहे.  सावनेरचे महादेवराव, अंकितच्या बायकोचे, आमच्या अपेक्षा सूनबाईंचे वडील. म्हणजे साक्षात व्याही. सोबत विहीणबाई आणि गाडीत आणखी तिघं-चौघं.

व्याही म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. देव रागावला तर नारळ फोडता येतो. त्यात हे महादेवराव. कापसाचे व्यापारी, मनाने दिलदार, पण रुसण्यात एक नंबर. लग्नात मठ्ठा गरम आहे म्हणून ते मांडवातून उठून गेले होते आणि भाऊजींनी त्यांना बसस्टँडवरून परत आणलं होतं.

भाऊजींनी झटकन आपल्या बाजूचा दोर धरला. ओढला नाही, नुसता धरला. डोंगा मधोमध थांबला. तिकडून महादेवरावांना वाटलं दोर कुठंतरी अडकला. त्यांनी जोर लावला. इकडून भाऊजींनी पाय कठड्याला टेकवले. म्हातारपणी दोन व्याह्यांची रस्सीखेच लागली आणि डोंगा मधल्यामध्ये मागे-पुढे करू लागला. मी भाऊजींच्या मागं दोर धरला. मग भाऊजींच्या खिशात फोन वाजला. ताई जागी होईल म्हणून ते कावरेबावरे झाले, पण दोन्ही हात दोरात होते. मी एका हातानं तो काढून त्यांच्या कानाला लावला.

"व्याही, दोर अटकला तुमचा," महादेवराव म्हणाले. फोन न लावताही ऐकू येईल असा त्यांचा आवाज.

भाऊजींनी खाटेकडे पाहिलं. मग पाळीकडे. कपाळावरून घाम नाकावर आला होता.  मला त्यांची दया आली, खरं सांगतो. जन्मात न केलेलं काम आणि पहिलाच पाहुणा व्याही.

"अटकला नाही," ते कसेबसे कुजबुजले. "मीच धरून आहो. व्याही, आज नाही."



"काहून?"

"कौशल्या झोपून आहे," भाऊजींनी ताईचं नाव घेतलं.

"तब्येत बरी नाही का विहीणबाईची?"

देवानं आयता दिलेला बहाणा! मी जोरजोरात मान हलवली, हो म्हणा, हो म्हणा. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तब्येत एकदम बरी आहे," ते म्हणाले. "म्हणूनच तर झोपली."

मी मनातल्या मनात सूनबाईंचं माहेर तुटलेलं पाहिलं. तिकडे विहीणबाई नवऱ्याजवळ आल्या, काहीतरी विचारलं, आणि बोटीकडे एकटक पाहत राहिल्या. मग त्यांनी महादेवरावांच्या हातातून दोर काढून घेतला आणि खाली टाकला. दोर सैल झाला तसे भाऊजी आणि मी मागच्या मागे पाट्यावर आदळलो. ताई कूस बदलून पुन्हा घोरायला लागली.

फोन सुरूच होता. "बरं मंग," महादेवराव म्हणाले, "अन् जेवणाचं?"

'नाही' म्हणून झालं होतं, पण माणूस तोच होता ना. भाऊजींचा चेहरा उजळला. जेवण येते, तिथंच बसा, म्हणाले. मग काय विचारता! भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदा शेगडी पेटवली. सवयीनं ताईच्या पिशवीत आलेली वांगी मी चिरली, मसाला किती घालायचा ते दोघांनाही माहीत नव्हतं म्हणून सगळाच घातला. भाताचं पातेलं, भाजीचं पातेलं डोंग्यात ठेवलं आणि पाळीवरून विहीणबाईंनी डोंगा ओढून घेतला. मनकर्णेनं पत्रावळ्या काढल्या. बाभळीखाली पंगत बसली आणि इकडून भाऊजी कठड्याला टेकून फोनवर हळू आवाजात आग्रह करत होते. व्याही, एवढा घास माह्या नावाचा. हात आडवा धरला का? बोटं कशी आहेत ते विहीणबाईले पाहू द्या. महादेवराव तिखटानं हाश्शहुश्श करत होते, पण रुसले नाहीत. रुसायला उसंतच मिळाली नाही. उन्हं कलली तशी गाडी गेली आणि डोंगा रिकामी पातेली घेऊन परत आला.

ताई उठली तेव्हा पाण्यावर ऊन पिवळं पडलं होतं. तिनं आधी पदर सावरला आणि मग इकडेतिकडे पाहिलं.

"कोणी आलतं का?"

ताईशी भाऊजी खोटं बोलतील तर शपथ. "व्याही आलते," ते म्हणाले. "मी आज नाही म्हटलं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी गळ्याची शपथ घेतली.  मग तिनं पदरानं डोळे पुसले. भाऊजी अपराध्यासारखे उभेच होते, बोटाला भाजल्याचा फोड, सदऱ्यावर हळद.

"मले भूक लागली," ताई म्हणाली.

भाऊजींनी पातेल्यांकडे पाहिलं. दोन्ही चाटूनपुसून साफ. त्या माणसानं सगळंच्या सगळं पाळीवर पाठवलं होतं, घरच्या बाईला एक घास न ठेवता. त्यांचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं आता ताई डोंग्यात बसणार. पण भाऊजी आधी हलले. शेगडी पुन्हा पेटवली. डब्यातलं बेसन काढलं, पाण्यात कालवलं आणि शेगडीवर घोटलं. त्यात एवढ्या गाठी झाल्या की एकेक मोजून वाढता आली असती. सोबत भात, अर्धा करपलेला, अर्धा कच्चा.

ताई उठायला लागली तर त्यांनी तिला बसवलं. खाटेपुढं ताट मांडलं, पाण्याचा गडवा ठेवला आणि स्वतः डाव हातात घेऊन समोर उकिडवे बसले, जसे ते पंगतीत बसतात. ताई खाली मान घालून खात होती. ताट संपत आलं तसा त्यांनी डाव पुढे केला.

"घे वं," भाऊजी म्हणाले. "एवढा घास माह्या नावाचा."

ताई लाजली. या वयात माझी बहीण लाजलेली मी पाहिली. तिनं घाईघाईनं ताटावर आडवा हात धरला. पुरे झालं, पुरे झालं, म्हणाली.

भाऊजी खाली वाकले. मीही वाकलो. बोटांत चांगली दोन बोटं फट होती.